पेंचच्या जंगलात जाताना

‘सफर’ हा शब्द तुम्हांला नवीन नाही. उर्दूत तुम्ही तो रोज वापरता. हाच अरबी शब्द व्यापाऱ्यांबरोबर समुद्रमार्गे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गेला आणि तेथल्या स्वाहिली भाषेत त्याचा ‘सफारी’ झाला. सफारी म्हणजे प्रवास. पुढे युरोपातील लोक शिकारीसाठी आफ्रिकेत जाऊ लागले आणि त्यांनी तो शब्द इंग्रजीत नेला. आज मात्र सफारी म्हणजे उघड्या गाडीतून जंगलात जाऊन प्राणी पाहणे. बंदुकीच्या जागी आता हातात दुर्बीण असते. हा शब्दही तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत ‘दूरबीन’, मराठीत ‘दुर्बीण’.

आणखी एका शब्दाबद्दल आधीच सांगून ठेवतो. आपल्या बोलण्यात ‘शेर’ म्हटले की कधी वाघ असतो, तर कधी सिंह. मराठीत ही मोकळीक नाही. अंगावर पट्टे असलेला तो वाघ आणि मानेवर आयाळ असलेला तो सिंह. आपल्या देशात सिंह फक्त गुजरातमध्ये राहिले आहेत. तेव्हा विदर्भाच्या जंगलात जाऊन कोणी “आम्ही सिंह पाहिला” असे सांगितले, तर सगळे हसतील!

आपले नागपूर वाघांच्या जंगलांनी वेढलेले आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबा, वर्धा जिल्ह्यात बोर, आग्नेयेला उमरेड-पवनी-कऱ्हांडला आणि उत्तरेला पेंच. यांपैकी कोठेही सकाळी निघून संध्याकाळपर्यंत परत येता येते. आपण पेंचला जाऊ. त्याचे सिल्लारी प्रवेशद्वार नागपूरपासून सुमारे ७० किलोमीटर आहे. येथे १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९९ साली व्याघ्र प्रकल्प. व्याघ्र म्हणजे वाघ. जंगलाचा पलीकडचा भाग मध्य प्रदेशात, सिवनी आणि छिंदवाडा जिल्ह्यांत आहे. रुडयार्ड किपलिंग यांच्या ‘द जंगल बुक’ या १८९४ च्या पुस्तकातला मोगली याच सिवनीच्या टेकड्यांत वाढतो.

या जंगलाचे आणि तुमच्या घराचे एक नाते आहे. पेंच नदी या जंगलातून वाहते. तिच्यावर तोतलाडोह येथे मोठे धरण आहे आणि त्याच्या खाली नवेगाव खैरी येथे दुसरे. तेथून पाणी नागपूरकडे येते. शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा याच नदीचा आहे. मोमिनपुऱ्यात सकाळी नळाखाली बादली लावताना हे कोणाच्या ध्यानात येत नाही. धरणाभोवती दाट झाडी असली की पावसाचे पाणी जमिनीत मुरते, माती वाहून येत नाही आणि जलाशय गाळाने लवकर भरत नाही. वाघासाठी राखलेले जंगल असे आपल्यासाठीही काम करते.

आता तयारीचे बोलू. सफारीला मनात आले म्हणून निघता येत नाही. जागा आधी नोंदवावी लागते, कारण एका वेळी किती गाड्या आत सोडायच्या हे ठरलेले असते. नाव नोंदवताना जे ओळखपत्र दिले असेल, तेच दारावर दाखवावे लागते. ते घरी विसरलात तर तुमच्यामुळे सगळी गाडी खोळंबेल. आठवड्यातला एक दिवस सफारी बंद असते आणि प्रत्येक जंगलाचा वार वेगळा असतो. ताडोब्याचा मंगळवार आहे. पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, गाभा क्षेत्र म्हणजे जंगलाचा आतला राखीव भाग पर्यटकांना बंद राहतो. रस्ते चिखलाचे होतात हे एक कारण, आणि जंगलालाही काही दिवस आपल्याशिवाय मिळावेत हे दुसरे.

कपडे मळकट रंगाचे घाला. खाकी, हिरवा, तपकिरी, मातकट. पांढरा आणि भडक रंग टाळा. अत्तर लावू नका. ते तुम्हांला आवडत असेल, पण चितळाचे नाक माणसाच्या नाकापेक्षा फार तीक्ष्ण असते. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल, तर स्वेटर, कानटोपी आणि जमल्यास एक शाल घ्या. नागपूरची पहाटेची थंडी तुम्ही जाणता. उघड्या गाडीत तीच थंडी दुप्पट वाटते. मे महिन्यात उलट हाल होतात. तेव्हा डोक्याला रुमाल आणि भरपूर पाणी हवे. धुळीसाठी एक रुमाल बाराही महिने लागतो. जंगलात मोबाइल वापरण्यास मनाई आहे. दारावर सांगतील तेथे तो ठेवून द्यायचा आणि तीन-चार तास विसरून जायचा. मला तर हा नियम फार आवडतो.

सकाळची सफारी धरायची असेल, तर नागपूरहून पहाटे चारच्या सुमारास निघावे लागते. कामठी मागे पडते, कन्हान नदीचा पूल येतो, मग मनसर. उजवीकडे रामटेकला जाणारा फाटा दिसतो. आपण सरळ जातो आणि पवनी गावाजवळ महामार्ग सोडून डावीकडे वळतो. हा महामार्ग साधा नाही. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग ४४. तो पेंचच्या जंगलाला चिरून जातो. रस्ता रुंद करायचा ठरला, तेव्हा प्राण्यांनी तो ओलांडायचा कसा, असा प्रश्न उभा राहिला. वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेले. शेवटी जंगलाच्या टप्प्यात रस्ता नऊ ठिकाणी खांबांवर उचलण्यात आला. त्यांतील सर्वांत लांब पूल ७५० मीटरचा आहे. वरून ट्रक धावतात आणि खालून चितळ, रानडुकरे, रानकुत्री आणि वाघही जातात. खाली लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांनी त्यांची छायाचित्रे टिपली आहेत.

वाघाला रस्ता ओलांडायचाच कशाला, असे तुम्ही विचाराल. तरुण झालेला नर वाघ आईच्या इलाक्यात राहू शकत नाही. त्याला स्वतःची जागा शोधावी लागते. ‘जय’ नावाचा एक प्रसिद्ध वाघ २०१३ साली नागझिऱ्याच्या जंगलातून निघाला आणि शेते, रस्ते, नदी-नाले ओलांडत शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या कऱ्हांडल्याला पोहोचला. त्याला पाहायला लांबून लोक येत. एप्रिल २०१६ नंतर तो कोणालाच दिसला नाही. गळ्यात संदेश पाठवणारा पट्टा असूनही त्याचा माग लागला नाही.

सिल्लारीच्या दारावर तुमची नावे तपासली जातात आणि तुम्हांला जिप्सी मिळते. जिप्सीत सहा पर्यटक बसतात. पुढे चालक आणि त्याच्याबरोबर मार्गदर्शक, ज्यांना सगळे ‘गाईड’ म्हणतात. गाईडशिवाय गाडी आत सोडत नाहीत. हे गाईड आसपासच्या गावांतले तरुण असतात. काही ठिकाणी मुलीही हे काम करतात. त्यांना दादा म्हणा, भाऊ म्हणा, भैया म्हणा, पण त्यांचे ऐका. तुम्ही जे भूगोलाच्या पुस्तकात वाचता, ते त्यांनी लहानपणी गुरांमागे हिंडताना पाहिलेले असते. नियम तेच सांगतील. गाडीतून उतरायचे नाही. उभे राहून ओरडायचे नाही. काही खायला टाकायचे नाही. फांदी तोडायची नाही. पडलेले मोरपीससुद्धा उचलायचे नाही.

आणि मग जंगल सुरू होते. पहिली दहा मिनिटे बहुतेक मुलांची निराशा होते, कारण काहीच दिसत नाही. सागाची उंच झाडे, पायवाटा, वाळलेल्या पानांचा सडा. शहरात आपली नजर पाट्या वाचायला शिकलेली असते. येथे पाट्या नाहीत. हळूहळू डोळे सरावतात. ज्याला तुम्ही वारूळ समजलात ते कान हलवते आणि ते सांबर निघते. पांढऱ्याफटक खोडाचे, पाने गळालेले एक झाड दिसते. ते कांडोळ. चांदण्या रात्री ते इतके चमकते की लोक त्याला भुताचे झाड म्हणतात. ऐनाच्या खोडावर मगरीच्या पाठीसारख्या भेगा असतात. मोहाच्या खोडावर तिरप्या रेघा दिसल्या तर नीट पाहा. अस्वल चढून गेल्याच्या त्या खुणा असू शकतात. वड-उंबराच्या शेंड्यावर पोपटी-पिवळ्या पारव्यांचा थवा बसलेला असेल. तो हरियाल, आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी.

तेंदूचे झाडही गाईड दाखवतील. त्याच्या पानांच्या बिड्या होतात. नागपूर-कामठीकडे कितीतरी घरांत बिड्या वळल्या जात. तुमच्या दादी-नानीला विचारून पाहा, तिने तेंदूचे पान ओलसर कापडात गुंडाळून ठेवलेले पाहिले असेल. राष्ट्रीय उद्यानात पाने तोडण्यास बंदी आहे, पण बाहेरच्या जंगलात उन्हाळ्यात गावकरी तेंदूपाने तोडतात आणि त्याआधी पहाटे मोहाची फुले वेचतात. विदर्भात वाघाच्या हल्ल्यात माणसे मरतात, त्यांतले कितीतरी जण अशाच कामासाठी जंगलात गेलेले असतात. वाकून फुले वेचणारे माणूस झुडपाआडून चार पायांच्या जनावरासारखे दिसते, असे जाणकार सांगतात. ज्या गाईडच्या बाजूला तुम्ही बसला आहात, त्याच्या गावालाही ही भीती माहीत असते. तरी तो वाघाविषयी प्रेमाने बोलतो. त्याला कधी सवड असेल तेव्हा त्याबद्दल विचारा. वाघ कोठे आहे, एवढेच विचारत बसू नका.

आता वाघ कसा शोधतात ते पाहू. खरे म्हणजे वाघ डोळ्यांनी शोधत नाहीत. तो कानांनी शोधतात. गाडी एखाद्या वळणावर थांबते, चालक इंजिन बंद करतो आणि गाईड तोंडावर बोट ठेवतात. अशा वेळी श्वासही हळू घ्या. वाघ चालताना स्वतः आवाज करत नाही, पण जंगल त्याची बातमी देते. वानर झाडाच्या शेंड्यावर बसलेले असते. त्याला दूरचे दिसते. वाघ किंवा बिबट्या दिसताच ते खोकल्यासारखे कर्कश खेकसते. खाली चरणारे चितळ मान वर करून पाय आपटते आणि बारीक, तीक्ष्ण आवाज काढते. वानरे आणि चितळे बहुधा एकत्र दिसतात. वानर पाने-फळे खाताना निम्मी खाली टाकते, ती चितळांना मिळतात. त्यांच्या नाकाचा आणि याच्या डोळ्यांचा दोघांनाही उपयोग होतो.

वानर आणि चितळ कधी घाबरून उगाचही ओरडतात. सांबराचे तसे नाही. सांबर खात्री झाल्याशिवाय सहसा ओरडत नाही. त्याचा ‘ढांक!’ असा भोंग्यासारखा आवाज आला की गाईडचा चेहरा बदलतो. मग ते आवाजाची दिशा धरतात, वाघ कोठून निघाला आणि कोणत्या पाणवठ्याकडे जाईल याचा अंदाज बांधतात. पाणवठा म्हणजे जनावरांची पाणी पिण्याची जागा. गाडी तेथे जाऊन उभी राहते. कधी अंदाज बरोबर येतो, कधी चुकतो.

वाटेत धुळीवर पाऊलखुणा दिसतील. वाघाच्या पंजात एक मोठी गादी आणि चार बोटे उमटतात, नखे उमटत नाहीत. मांजराप्रमाणे तो नखे आत ओढून चालतो. कुत्र्याची किंवा तरसाची नखे मातीत दिसतात. नराचा पंजा चौकोनी आणि मादीचा थोडा लांबट असतो. पूर्वी या ठशांवरूनच वाघ मोजत. एकाच वाघाचा ठसा ओल्या मातीत वेगळा आणि कोरड्या धुळीत वेगळा उमटतो, त्यामुळे ती मोजणी फसवी ठरली. आता झाडांना बांधलेले कॅमेरे वाघाचे छायाचित्र घेतात. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात, जसे तुमच्या बोटांचे ठसे निराळे. या पद्धतीने २००६ साली देशात १,४११ वाघ असल्याचा अंदाज निघाला होता. २०२२ च्या मोजणीत हा आकडा ३,६८२ झाला आणि त्यांतले ४४४ महाराष्ट्रात होते.

एक कोडे तुम्हांला घालतो. वाघ इतका झळझळीत केशरी, मग हिरव्या-पिवळ्या जंगलात तो हरणाला दिसत कसा नाही? उत्तर हरणाच्या डोळ्यांत आहे. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात, हरणाच्या डोळ्यांत दोनच. त्यामुळे त्याला केशरी आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. त्याच्या दृष्टीने वाघ गवताच्याच रंगाचा असतो आणि काळे पट्टे म्हणजे गवताच्या सावल्या. तरीही वाघाच्या दहा-वीस झडपांतली एखादीच यशस्वी होते. बाकी वेळा चितळ निसटते आणि वाघ उपाशी राहतो.

वाघ दिसला तर काय होते, तेही सांगायला हवे. बिनतारी यंत्राने नाही, तरी चालकांच्या खाणाखुणांनी बातमी पसरते आणि गाड्या गोळा होतात. मागच्या गाडीतले लोक “आणखी पुढे घ्या” म्हणतात. कोणी चालकाच्या हातात जादा पैसे ठेवतो. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात असेच घडले. ‘एफ-२’ नावाने ओळखली जाणारी वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्त्यावर आली. दोन्ही बाजूंनी गाड्या लागल्या आणि आई व पिल्ले मधे कोंडली गेली. त्याचे चित्रण सर्वत्र पसरले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. चालक आणि गाईड यांच्यावर कारवाई झाली.

मला त्या वेळी वाटले आणि आजही वाटते की गाड्यांत बसलेल्या पर्यटकांबद्दल फारच थोडे बोलले गेले. गाईडची रोजी-रोटी पर्यटकाच्या खुशीवर चालते. “वाघ दाखवला नाही तर पैसे फुकट गेले,” असे सहा जण तीन तास ऐकवत राहिले, तर तो बिचारा किती वेळ ‘नाही’ म्हणेल? तुमच्या गाडीत कोणी असा आग्रह धरला, तर तुम्ही लहान असलात तरी सांगा, “काका, गाडी येथेच राहू द्या.” बछडी असलेली वाघीण दिवसभर शिकारीच्या आणि पाण्याच्या मागे असते. तिचा रस्ता अर्धा तास अडला, तर पिल्ले तेवढा वेळ उघड्यावर राहतात. आणि ज्या पिल्लाला गाडीची, माणसाची भीती उरत नाही, ते मोठे झाल्यावर गावाच्या वेशीपाशीही बिनधास्त येते. त्याचा धोका गावाला आणि शेवटी त्या वाघालाच.

वाघ दिसलाच नाही, तर? पुष्कळदा दिसत नाही. पर्यटकांना गाभा क्षेत्राच्या फार तर पाचव्या हिश्श्यात नेता येते, असा नियम आहे. उरलेले सगळे जंगल वाघाचे. वाघ पाहायचाच असेल, तर नागपूरला गोरेवाड्याच्या प्राणिसंग्रहालयात तो नक्की दिसेल, कारण तेथे कुंपण आहे. पेंचला आलात तर रानकुत्र्यांची टोळी एकमेकांना शीळ घालत जाताना दिसेल. पांढरे मोजे घातल्यासारख्या पायांचा, एक टनाच्या आसपास वजनाचा रानगवा रस्त्याच्या कडेला शांत उभा दिसेल. नीलपंख तारेवरून उडाला की त्याच्या पंखांतली निळाई अशी उघडते की बोलणारी मुलेही गप्प होतात. ही सर्व मंडळी नसती, तर वाघही नसता. त्याचे पोट यांच्यावर आणि यांचे गवतावर.

सफारी संपली की सिल्लारीला हात-तोंड धुऊन डबा खायचा. वानरांपासून डबा सांभाळा. ती येथे फार धीट आहेत. प्लास्टिकच्या पिशव्या परत घेऊन जायच्या. जवळच माहिती केंद्र आहे, ते घाईत उरकू नका. सकाळी ऐकलेला आवाज कोणाचा होता, हे वहीत लिहून काढायला हीच वेळ बरी.

दुपारची सफारी घेतलीत, तर परतायला अंधार पडतो. त्याचाही एक फायदा आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या या बाजूला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे असा प्रदेश, जेथे रात्रीचे आकाश दिव्यांच्या उजेडापासून राखले आहे. त्यासाठी जवळच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडे वळवण्यात आला. बस सुटण्याआधी गुरुजींना पाच मिनिटे मागा आणि बसचे दिवे बंद करायला सांगून वर पाहा. अमावास्येच्या आसपासची रात्र असेल, तर मोमिनपुऱ्याच्या गच्चीवरून कधीही न दिसणारे तारे येथे मोजता येणार नाहीत इतके दिसतात.